सुतळी, साबुदाणा आणि मक्याचे दाणे: पचनसंस्था घरी मांडून बघायची रीत

पचनसंस्थेची आकृती शाळेत सगळ्यांनीच काढलेली असते. तोंड, ग्रासनलिका, जठर, आतडी, बाजूला यकृत आणि स्वादुपिंड, नावांच्या रेषा बाहेर ओढलेल्या. त्या आकृतीत दोन गोष्टी कधीच येत नाहीत, लांबी आणि वेळ. घास कुठे दहा सेकंद असतो, कुठे तीन तास आणि कुठे दीड दिवस, हे माहीत नसेल तर जेवून आडवे झाल्यावर जळजळ का होते, उसळीने पोट का फुगते, जुलाबात साखर-मीठ-पाणी का लागू पडते, यातले काहीच उलगडत नाही. मग नावे पाठ करायची आणि परीक्षा झाली की विसरायची.

खालची मांडणी सहावीच्या पुढच्या मुलांसोबत एका शनिवार-रविवारात होते. त्यासाठी ९ मीटर सुतळी, मोजायचा टेप, एक जुनी नऊवारी, जुना टी-शर्ट आणि खडू लागेल. स्वयंपाकघरातून साबुदाणा किंवा तांदळाचे पीठ, शेंगदाण्याचे तेल, पांढरे व्हिनेगर आणि भांडी घासायचे लिक्विड घ्या. औषधांच्या दुकानातून पोव्हिडोन आयोडीन किंवा टिंक्चर आयोडीनची लहान बाटली आणा. साधे जिलेटिन, ताजा अननस, एक लिटरच्या नऊ रिकाम्या बाटल्या आणि ताप बघायचा डिजिटल थर्मामीटर एवढे झाले की सामान पुरे.

शुक्रवारी रात्री: घड्याळ सुरू करा

सगळ्यात लांब चालणारा प्रयोग सगळ्यात आधी लावायचा. रात्रीच्या जेवणात अर्धी वाटी उकडलेले मक्याचे दाणे खा आणि वेळ लिहून ठेवा. दाणे न चावता गिळायचे, असे कुठे कुठे सांगतात. ते करू नका, घशात अडकायची भीती असते आणि त्याने फायदाही काही नाही. दाण्यावरचे साल सेल्युलोजचे असते. ते फोडणारे विकर (एन्झाइम) माणसाकडे नाही, त्यामुळे दाणा चावला तरी साल जसेच्या तसे दुसऱ्या टोकाला पोहोचते.

या प्रयोगाआधी चार दिवस आणि साले दिसून जाईपर्यंत मका पुन्हा पोटात जाता कामा नये. कॉर्न फ्लेक्स किंवा मक्याच्या पिठाची अडचण नाही, अख्खा दाणा नको. बहुतेकांचा प्रयोग इथेच बिघडतो: मधेच कुणीतरी भेळेत दाणे खाते आणि मग दिसलेले साल शुक्रवारचे की शनिवारचे, हे कळत नाही. मका चालत नसेल तर १५० ग्रॅम उकडलेले बीट घ्या. मात्र बिटाने काहींची लघवीही गुलाबी होते, ते रक्त नव्हे. आतड्याचे ऑपरेशन झालेल्यांनी आणि गिळायला त्रास असणाऱ्यांनी मका घेऊ नये.

सुतळीवरच्या गाठी

शनिवारी सकाळी सुतळी जमिनीवर ताणून ठेवा. एका टोकाला तोंड. तोंड आणि घसा मिळून १८ सेंटिमीटरवर पहिली गाठ. पुढे २५ सेंटिमीटर ग्रासनलिका, मग २५ सेंटिमीटर जठर. त्यानंतर लहान आतडे. त्याचा पहिला तुकडा म्हणजे आद्यांत्र, तेही २५ सेंटिमीटर. मग अडीच मीटर मध्यांत्र, साडेतीन मीटर शेषांत्र, आणि शेवटी मलाशयासह दीड मीटर मोठे आतडे. सगळे मिळून ८ मीटर ४३ सेंटिमीटर.

आता शेजारी नऊवारी पसरा. नऊ वार म्हणजे ८ मीटर २३ सेंटिमीटर. वीस सेंटिमीटरचा फरक सोडला, तर आपल्या पोटात एक नऊवारी आहे.

ही मापे मृतदेहावरची आहेत. जिवंत माणसात स्नायूंचा ताण असतो, त्यामुळे लहान आतडे सहा मीटर न भरता तीन ते पाच मीटरच्या आसपास भरते. पुस्तकापुस्तकांत वेगवेगळे आकडे दिसतात ते यामुळे. मुलांनी विचारले तर हेच सांगा, चूक कुठल्याच पुस्तकाची नाही.

सुतळी ओंजळीत गोळा केली तर तिचा गुंता होतो. आतड्याचा का होत नाही? नऊवारीचा एक काठ धरा आणि सहा मीटरच्या निऱ्या घालत जा. निऱ्यांची वरची बाजू मुठीत घट्ट धरली की खालचा काठ पंख्यासारखा पसरतो आणि हलवला तरी गुंतत नाही. लहान आतडे नेमके असेच पाठीमागच्या भिंतीला टांगलेले असते. आतड्याच्या बाजूने काही मीटर लांब असलेला तो पडदा, म्हणजे आंत्रबंध, पाठीच्या बाजूला जेमतेम १५ सेंटिमीटरच्या तिरक्या रेषेत शिवलेला असतो. रक्तवाहिन्या आणि नसा त्या निऱ्यांमधूनच आतड्यापर्यंत पोहोचतात. म्हणून आतड्याला पीळ पडला की पहिला धोका अन्न अडकण्याचा नसतो. रक्तपुरवठा तुटतो, आणि काही तासांत तो भाग मरू शकतो.

'पोट दुखतंय' म्हणजे नक्की कुठे

मराठीत पोट हा शब्द फार काम करतो. बाहेरून दिसणारा भाग पोट, आतली पिशवीही पोट. त्यामुळे जठर कुठे आहे असे विचारले की दहातले आठजण बेंबीवर हात ठेवतात. टी-शर्ट घाला आणि दुसऱ्याला खडूने काढायला सांगा. जठर बेंबीच्या बरेच वर, डावीकडे, निम्मे फासळ्यांच्या आड. यकृत उजवीकडे फासळ्यांखाली, साधारण दीड किलोचे. पित्ताशय त्याच्या खालच्या बाजूला चिकटलेले. स्वादुपिंड जठराच्या मागे आडवे, १५ सेंटिमीटरचे. बेंबीभोवती सगळी लहान आतड्याची वेटोळी. मोठे आतडे या वेटोळ्यांना चौकटीसारखे: उजवीकडे खालून वर, फासळ्यांखालून आडवे, डावीकडे वरून खाली.

अपेंडिक्ससाठी टेप घ्या. उजव्या कमरेच्या हाडाचे पुढचे टोक बोटाने चाचपून शोधा. तिथून बेंबीपर्यंत रेषा ओढा, तिचे तीन सारखे भाग करा. हाडाकडून पहिला भाग संपतो तिथे खूण करा. अपेंडिक्सचे दुखणे बऱ्याचदा बेंबीपाशी सुरू होते आणि काही तासांनी या खुणेवर येऊन थांबते. असे झाले तर ओवा, हिंग, शेकणे, पोट चोळणे यात वेळ घालवू नका, थेट डॉक्टर गाठा.

तोंड: इथे घाई करू नका

पूर्ण मांडणीत सगळ्यात जास्त शिकवणारा प्रयोग हा आहे, आणि सगळ्यात जास्त वेळा फसणाराही हाच.

एक सपाट चमचा साबुदाण्याचे किंवा तांदळाचे पीठ दोन मोठे चमचे गार पाण्यात कालवा, २०० मिलिलिटर उकळत्या पाण्यात ओता, दोन मिनिटे ढवळा. पूर्ण गार होऊ द्या. मग एक भाग पेज आणि चार भाग पाणी असे पातळ करा. आयोडीनही पातळ करायचे: पोव्हिडोन असेल तर दहापट पाण्यात, टिंक्चर असेल तर दोन मोठे चमचे पाण्यात दहा थेंब. आयोडीन विषारी आहे आणि कपड्यावर डाग पाडते, मुलांच्या हाती देताना लक्ष असू द्या.

आता लाळ. चूळ भरा, पाच मिनिटे थांबा आणि एका वाटीत दोन चमचे लाळ गोळा करा. तोंड कोरडे वाटत असेल तर समोर चिंच ठेवून नुसती बघत बसा. कानाजवळ, जबड्याखाली आणि जिभेखाली अशा लाळग्रंथींच्या तीन जोड्या आहेत आणि त्या दिवसाला एक ते दीड लिटर लाळ करतात. डोळ्यांना चिंच दिसली तरी त्या कामाला लागतात. चिंच खाऊ मात्र नका, आंबटाने पुढचे सगळे बिघडेल. जमवलेल्या लाळेत तितकेच पाणी घाला.

तीन लहान वाट्या घ्या. पहिलीत एक चमचा लाळेचे पाणी. दुसरीतही तेच, पण ती वाटी आधी उकळत्या पाण्यात पाच मिनिटे ठेवून गार केलेली. तिसरीत लाळेच्या पाण्यात एक चमचा व्हिनेगर घालून पाच मिनिटे थांबा. मग तिन्हींत चार-चार चमचे पातळ पेज घाला आणि वाट्या ३७ अंशांच्या कोमट पाण्याच्या परातीत ठेवा. तापमान थर्मामीटरने बघा. दर दोन मिनिटांनी प्रत्येक वाटीतला एक थेंब पांढऱ्या बशीत टाका आणि त्यावर आयोडीनचा एक थेंब.

सुरुवातीला तिन्ही थेंब निळे-काळे होतील. पहिल्या वाटीचा थेंब हळूहळू जांभळा, मग तांबूस, आणि शेवटी नुसता आयोडीनचा पिवळट रंग दाखवेल. पिष्टाची (स्टार्चची) लांब साखळी तुटत तुटत साखरेच्या जवळ आली, त्याचाच हा पुरावा. दुसरी आणि तिसरी वाटी काळीच राहील. उकळल्याने आणि आंबटाने लाळेतले अमायलेज हे विकर निकामी झाले.

हे फसते ते असे. पेज गरम असताना आयोडीन टाकले तर रंगच येत नाही, कारण उष्णतेने पिष्ट आणि आयोडीनचा जोड सुटतो. मुलांना वाटते पिष्ट नव्हतेच. पेज दाट राहिली तर अर्धा तास झाला तरी काळा रंग हलत नाही. आणि सगळ्यात फसवी चूक म्हणजे व्हिनेगरऐवजी लिंबू पिळणे. लिंबातले क जीवनसत्त्व आयोडीनचा रंग स्वतःच घालवते. त्यामुळे आंबटात लाळ जोरात काम करते, असा साफ उलटा निष्कर्ष निघतो. लिंबू नको, चिंचेचे पाणीही नको, पांढरे व्हिनेगरच घ्या. एकाच्या लाळेला तीन मिनिटे लागली आणि दुसऱ्याच्या लाळेला पंधरा, तर ती चूक धरू नका. लाळेतले अमायलेज माणसागणिक बरेच कमीजास्त असते, त्याचे कारण अनुवंशिक आहे.

तिसरी वाटी जपून ठेवा, कारण पुढचा मुक्काम तोच आहे. गिळलेला घास जठरात पोहोचला की आम्लात लाळेचे काम थांबते. मात्र लगेच नाही. घास जठराच्या वरच्या भागात गोळ्यासारखा बसून राहतो, आम्ल त्याच्या आतपर्यंत शिरायला वेळ लागतो, तोवर आत लाळ पिष्ट फोडत असते. बत्तीस वेळा चावा म्हणणाऱ्या आजीचा आकडा सोडून द्या, पण लाळ घासाच्या आत मिसळली पाहिजे ही तिची गोष्ट खरी.

घसा आणि ग्रासनलिका

इथे फार रेंगाळण्यासारखे काही नाही. गिळताना श्वासनलिकेवरचे झाकण मिटते. बोलता-हसताना ते वेळेवर मिटले नाही की ठसका लागतो. ग्रासनलिकेत पचन होत नाही, नुसती वाहतूक होते. घन घास आठ-दहा सेकंदांत खाली जातो, उभ्याने प्यालेले पाणी एक-दोन सेकंदांत. घास वजनाने पडत नाही, स्नायूंची लाट त्याला ढकलत नेते. म्हणून पलंगावर पडलेल्या आजाऱ्यालाही गिळता येते. अर्थात त्याला बसवून भरवणेच बरे, ठसक्याची भीती कमी होते.

महत्त्वाचे आहे ते खालचे टोक. ग्रासनलिका जठराला मिळते तिथे स्नायूची एक कडी आहे. ती सैल पडली की आम्ल वर येते आणि छातीत जळते. म्हणजे ज्याला आपण ऍसिडिटी म्हणतो त्यात बऱ्याचदा आम्ल जास्त झालेले नसते, फक्त चुकीच्या जागी पोहोचलेले असते. डाव्या कुशीवर झोपल्यावर जठराची पिशवी खाली लोंबते आणि कडी आम्लाच्या पातळीच्या वर राहते. उजव्या कुशीवर नेमके उलटे होते. वामकुक्षी हा शब्द डाव्या कुशीचाच आहे, तेव्हा दुपारी झोपायचेच असेल तर निदान शब्दाचा मान राखा. खरे तर जेवणानंतर दोन-तीन तास आडवे न होणे सगळ्यात चांगले. रात्री त्रास होणाऱ्यांनी पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली १५ ते २० सेंटिमीटर उंचीच्या विटा लावाव्यात. उशांवर उशा रचून उपयोग नाही, त्याने कंबरेत वाकून पोटावर दाब येतो आणि आम्ल आणखी वर चढते.

जठर

रिकामे जठर मुठीएवढे. जेवल्यावर ते आरामात एक ते दीड लिटर धरते. त्याचा रस दिवसाला सुमारे दोन लिटर, पीएच (आकडा जितका लहान तितके जास्त आंबट) १.५ ते ३.५, म्हणजे लिंबाच्या रसाच्या जवळपास किंवा त्याहून आंबट. त्यात पेप्सिन असते, ते प्रथिनांच्या साखळ्या तोडते.

जठरात खरोखर काय चालते हे बाहेरून पहिल्यांदा नीट पाहिले ते अमेरिकन लष्करी डॉक्टर विल्यम बोमाँट यांनी. १८२२ साली मॅकिनॅक बेटावर ॲलेक्सिस सेंट मार्टिन या तरुणाच्या पोटात बंदुकीचा बार घुसला. तो वाचला, पण जठराचे भोक बुजले नाही. बोमाँट यांनी त्या भोकातून रेशमी दोऱ्याला बांधलेले मांसाचे आणि भाजीचे तुकडे आत सोडले, ठरावीक वेळाने ओढून पाहिले आणि १८३३ साली निरीक्षणे छापली. अन्न नुसते दळले जात नाही, रस ते विरघळवतो, हे त्यातून पक्के झाले.

घरी पेप्सिन नसते, त्याची जागा अननस घेतो. १० ग्रॅम जिलेटिन २५० मिलिलिटर गरम पाण्यात विरघळवा आणि कोमट होऊ द्या. एका वाटीत ताज्या अननसाचे तुकडे, दुसरीत दहा मिनिटे उकळलेले तुकडे. दोन्हींवर जिलेटिन ओतून चार तास फ्रीजमध्ये ठेवा. उकळलेल्या तुकड्यांची वाटी घट्ट होईल, ताज्याची पातळच राहील, कारण ताज्या अननसातले विकर जिलेटिनचे प्रथिन कापून टाकते. जिलेटिन कढत असताना ओतले तर ते विकर मरते आणि दोन्ही वाट्या घट्ट होतात. हिरवा ठिपका असलेली जेलीची पुडी किंवा चायना ग्रास वापरले तरी दोन्ही घट्ट होतील. ते समुद्री शेवाळापासून केलेले असते, त्यात कापायला प्रथिनच नसते. अननसाचे विकर आम्लाशिवाय चालते, पेप्सिनला मात्र आम्ल लागतेच. एवढा फरक मुलांना सांगून ठेवा.

मग जठर स्वतःला का पचवत नाही? आतून बुळबुळीत श्लेष्माचा थर असतो, त्यात आम्ल मारणारे बायकार्बोनेट असते, आणि आतले अस्तर काही दिवसांत नवे होते. या थराला भोक पडते ते ठेच्याने नव्हे. बहुतेक अल्सरचे कारण हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू किंवा वरचेवर घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या. हा जिवाणू शोधल्याबद्दल रॉबिन वॉरेन आणि बॅरी मार्शल यांना २००५ साली नोबेल मिळाले. अल्सर असताना तिखटाने झोंबते हे खरे, पण झोंबणे वेगळे आणि होणे वेगळे.

जठराचा खालचा दरवाजा एक-दोन मिलिमीटरहून मोठे कण सहसा सोडत नाही. साधे जेवण तीन-चार तासांत पुढे जाते. पुरणपोळीवर तूप असेल तर आणखी वेळ. स्निग्ध पदार्थ लहान आतड्यात पोहोचले की तिथून जठराला 'हळू' असा संप्रेरकाचा (हार्मोनचा) निरोप जातो. जेवण 'जड' झाले म्हणतो ते हेच.

लहान आतडे: खरे काम इथे

आद्यांत्राच्या २५ सेंटिमीटरमध्ये पित्त आणि स्वादुरस, म्हणजे स्वादुपिंडाचा रस, येऊन मिळतात. स्वादुरसात पिष्ट, प्रथिने आणि स्निग्ध पदार्थ फोडणारी तिन्ही प्रकारची विकरे असतात, शिवाय जठराचे आम्ल मारायला बायकार्बोनेट. पित्तात विकर एकही नसते. परीक्षेत इथे हमखास गुण जातात.

विकर नसेल तर पित्त करते काय, ते दोन बाटल्यांत दिसते. दोन्हींत १०० मिलिलिटर पाणी आणि एक मोठा चमचा शेंगदाण्याचे तेल. एकीत भांडी घासायच्या लिक्विडचे तीन थेंब. दोन्ही तीस सेकंद हलवा, टेबलावर ठेवा, पाच मिनिटांनी बघा. साध्या बाटलीत तेल वर येऊन थर धरते, दुसरीत दुधाळ पाणी तसेच राहते. तेल पचले नाही, बारीक थेंबांत वाटले गेले. एक सेंटिमीटरच्या घनाचे एक मिलिमीटरचे हजार घन केले तर पृष्ठभाग दहापट होतो, आणि विकराला काम पृष्ठभागावरच करता येते. या प्रयोगाला खोबरेल घेऊ नका, थंडीत ते गोठते.

यकृत दिवसाला पाऊण ते एक लिटर पित्त करते. पित्ताशय ते बनवत नाही, साठवून घट्ट करते, आणि त्यात मावते ३० ते ५० मिलिलिटर. म्हणून ऑपरेशनने पित्ताशय काढले तरी माणूस जेवतो आणि पचवतो. पित्त मग थेंबथेंब येत राहते, एवढेच.

पचलेले आत घ्यायचे तर जागा हवी. एकाच आकाराचा पंच्याचा आणि टर्किश टॉवेलचा तुकडा पाण्यात बुडवा, उचला, वेगवेगळ्या भांड्यांत पिळा आणि पाणी मोजा. टॉवेलवरचे धाग्यांचे फासे जे करतात ते आतड्यात अर्धा ते एक मिलिमीटर उंचीचे अंकुर करतात. हे सगळे उलगडले तर टेनिस कोर्ट भरेल, असे अजून सर्रास छापतात. स्वीडनमधल्या गोथेनबर्ग विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ साली पुन्हा मोजले तेव्हा पूर्ण पचननलिकेचे आतले क्षेत्रफळ ३२ चौरस मीटर निघाले. म्हणजे ३४४ चौरस फूट, मुंबईतली एखादी वन रूम किचन. तेही कमी नाही.

नऊ बाटल्यांचा हिशेब

एक लिटरच्या नऊ बाटल्या पाण्याने भरून ओळीत ठेवा. दोन बाटल्या आपण दिवसभरात खातो-पितो ते पाणी. दीड लाळ, दोन जठररस, एक पित्त, दीड स्वादुरस, एक आतड्याचा स्वतःचा रस. एवढे सगळे रोज लहान आतड्यात उतरते. त्यातल्या साडेसात बाटल्या लहान आतडे शोषून घेते, त्या बाजूला करा. उरलेल्या दीडमधले बहुतेक मोठे आतडे घेते. बाहेर जाते ते १००-२०० मिलिलिटर, एखाद-दोन कटिंग चहाएवढे.

आता जुलाब म्हणजे काय ते बाटल्यांकडे बघून समजते. शोषण थोडे जरी चुकले तरी लिटरच्या लिटर वाहून जाते. पण आतड्याच्या पेशीत एक दार असे आहे जे ग्लुकोज आणि मीठ दोघे एकत्र आले तरच उघडते, आणि त्यांच्यामागून पाणी आत ओढले जाते. कॉलऱ्यातही हे दार चालू राहते. १९७१ साली बांगलादेशच्या निर्वासितांच्या, पश्चिम बंगालमधल्या बनगाव इथल्या छावणीत सलाइन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच तत्त्वावर साखर-मिठाचे द्रावण पाजले आणि मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आले.

घरी करताना १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा, ५ मिलिलिटरचा. साखर जास्त घातली तर ती उलट आतड्यात पाणी खेचते आणि जुलाब वाढतात. मीठ जास्त झाले तर लहान मुलाच्या जिवावर बेतू शकते. चव घेऊन बघा, अश्रूंहून खारट नको. तयार ओआरएसचे पाकीट असेल तर तेच घ्या, पण त्यावर लिहिलेले पाणी वाचा. लिटरचे पाकीट एका पेल्यात कालवणे ही रोजची चूक आहे. बाळाचे डोळे खोल गेले, सहा तास लघवी झाली नाही, चिमटीत धरलेली कातडी हळू बसली, तर घरी थांबू नका.

मोठे आतडे, आणि उसळीचा वारा

मटकी, वाल, पावट्यात रॅफिनोज आणि स्टॅकिओज या साखरा असतात. त्या फोडणारे विकर आपल्याकडे नाही, त्यामुळे त्या अख्ख्याच मोठ्या आतड्यात पोहोचतात आणि तिथले जिवाणू त्यांवर ताव मारतात. वायू होतो तो त्यातूनच. कडधान्य आठ-दहा तास भिजवा, ते पाणी फेकून द्या आणि मोड आणा. मोड येताना दाणा या साखरा स्वतःच वापरतो. भिजवलेल्या पाण्यातच शिजवले तर भिजवण्याचा निम्मा फायदा गेला.

पोटाला कान लावून शांत खोलीत एक मिनिट मोजा, पाच ते तीस गुरगुराट ऐकू येतील. रिकाम्या पोटी दर दीड-दोन तासांनी जठरापासून एक झाडलोटीची लाट निघते आणि राहिलेले कण पुढे ढकलते. पोटात कावळे ओरडतात ते याच वेळी. सतत काहीतरी तोंडात टाकणाऱ्यांकडे ही लाट येतच नाही.

जठरात अन्न पडले की मोठे आतडे हलते, म्हणून सकाळच्या चहा-नाश्त्यानंतरची पंधरा मिनिटे शौचाला सगळ्यात सोयीची. ती वेळ रोज टाळली की मलातले पाणी शोषले जात राहते आणि मल कडक होतो. उकिडवे बसल्यावर मलाशयाचा कोन सरळ होतो. कमोड असेल तर पायाखाली १५ ते २० सेंटिमीटरचा पाट ठेवा. इसबगोल घेत असाल तर पूर्ण पेला पाण्याबरोबर घ्या, कोरडे घेतलेले घशातच फुगते.

रविवारी: मका परत येतो

शुक्रवारी लिहिलेली वेळ काढा. साले पहिल्यांदा दिसली ती वेळ आणि शेवटची दिसली ती वेळ, दोन्ही लिहा. १२ ते ४८ तास हा बहुतेकांचा पल्ला. ७२ तास झाले तरी लगेच काही बिघडले असे नाही. त्यातले जठराचे तीन-चार आणि लहान आतड्याचे तीन ते सहा तास वजा करा, उरतो तो मोठ्या आतड्याचा वेळ. सुतळीवर लहान आतड्याच्या जेमतेम पाव जागा घेणाऱ्या दीड मीटरला सगळ्यात जास्त तास लागतात, हे सुतळी समोर ठेवूनच मुलांना दाखवा.

दोन आठवड्यांनी प्रयोग पुन्हा करा, यावेळी रोजच्या जेवणात एक पेरू आणि दोन पेले पाणी वाढवून. एकाच आकड्यावर मत बनवू नका. प्रवास, जागरण आणि लोहाच्या गोळ्यांनीही वेळ बदलतो. लोहाच्या गोळ्यांनी मल काळाही होतो. पण गोळ्या चालू नसताना डांबरासारखा काळा, चिकट मल, रक्त, कारण नसताना उतरलेले वजन, किंवा पन्नाशीच्या आसपास शौचाची सवय अचानक बदलणे, यांसाठी मक्याचा प्रयोग नाही. त्यासाठी डॉक्टरकडेच जायला हवे.